रसायनशास्त्रातले जागतिक नंबर: एका काचसामानवाल्याचा रिव्ह्यू

नारायण पेठेत आमचं प्रयोगशाळेच्या काचसामानाचं दुकान आहे. ब्युरेट, पिपेट, कंडेन्सर, राउंड बॉटम, सॉक्सलेट, झालंच तर फिल्टर पेपर आणि रेणूंचे मॉडेल सेट. वडिलांनी सुरू केलं, मी बी.एस्सी. केमिस्ट्री करून गल्ल्यावर बसलो त्याला आता ३३ वर्षं झाली. रिव्ह्यू लिहायची मला सवय नाही. आजवर एकदाच लिहिला, एका मिसळीचा, आणि त्यावरून मेहुण्यानं सहा महिने अबोला धरला होता. तरी हा लिहितोय. गेले तीन आठवडे दुपारी गिऱ्हाईक नसताना मी ज्यात डोकं घातलंय त्याबद्दल मराठीत कुणी धड सांगत नाही, म्हणून. विषय आहे रसायनशास्त्रातल्या जगभरच्या संशोधकांच्या आणि संस्थांच्या क्रमवाऱ्या.

निमित्त धाकटीचं. एम.एस्सी. ऑरगॅनिक झाली, नेट परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली, आता पीएच.डी.ला गाइड बघायचाय. तिनं तीन नावं काढली होती, तिन्ही पुण्यातली. एका रात्री जेवणं झाल्यावर लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला.

"बाबा, हे बघ. हे सर जगात एवढ्या नंबरवर, हे दुसरे त्यांच्या चारशे नंबर खाली, आणि या मॅडम यादीतच नाहीत."

"प्लस-मायनस किती?" मी विचारलं.

"कसलं प्लस-मायनस?"

धंद्याची खोड, दुसरं काय. ५० मिलीची ए क्लास ब्युरेट घ्या, द्रव मोजून सोडायची काचेची नळी. तिच्या काचेवरच छापलेलं असतं, ±०.०५ मिली. म्हणजे याच्यापेक्षा बारीक फरकावरून भांडू नका, हे ती ब्युरेटच तुम्हाला सांगते. दुकानातला तराजूसुद्धा मुदतीत वजनमापवाल्यांकडून शिक्का मारून घ्यावा लागतो. आणि इथे ४,२१२वा आणि ४,६१२वा यांच्यात खरंच काही फरक आहे की तो काट्याच्या थरथरीतला आहे, ते कुठेच लिहिलेलं नाही. ही माझी पहिली तक्रार, आणि ती खाली येणाऱ्या सगळ्यांना लागू आहे. प्रत्येकाची वेगळी लिहीत बसत नाही.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो 'स्टॅनफर्डच्या यादी'त. पुण्यात ही यादी लोकांना फ्लेक्समुळे माहीत आहे. सप्टेंबर-ऑक्टोबर आला की एखाद्या कॉलेजच्या गेटवर लागतो: 'जगातील अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञांमध्ये निवड, हार्दिक अभिनंदन!' मध्ये सरांचा फोटो आणि भोवती संस्थेच्या पदाधिकाऱ्यांचे, सरांपेक्षा मोठे. त्यातला 'निवड' हा शब्दच चुकीचा आहे. कुणी समिती बसवून निवडत नाही, मुलाखत नाही, अर्ज नाही. स्टॅनफर्डमधले जॉन इओनिडिस आणि त्यांचे सहकारी स्कोपस या डेटाबेसमधल्या सायटेशनवरून, म्हणजे एखाद्याच्या शोधनिबंधाचा (पेपरचा) इतर पेपरांत किती वेळा उल्लेख झाला त्यावरून, एक भलीमोठी तक्ताफाइल तयार करतात. पद्धत त्यांनी २०१६ मध्ये मांडली आणि २०१९ मध्ये फाइल सगळ्यांना खुली केली. विद्यापीठानं कुणाला दिलेला हा सन्मान नव्हे. त्यांच्या एका प्राध्यापकाचं हे काम आहे, आणि चांगलं काम आहे.

चांगलं अशासाठी की फाइल फुकट आहे, एक्सेलमध्ये आहे आणि तिच्यात रकाने आहेत. स्टॉकची एक्सेल सांभाळण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं, त्यामुळे रकाने दिसले की मला घरी आल्यासारखं वाटतं. दोन फाइली असतात, एक आख्ख्या कारकिर्दीची आणि एक ताज्या एका वर्षाची. सर ज्या यादीत आहेत ती यातली कुठली, हे फ्लेक्सवर कधीच नसतं. दोन टक्के म्हणजे सगळ्या शास्त्रज्ञांतले दोन टक्केही नव्हेत. विज्ञानाच्या १७४ उपशाखा पाडल्यात आणि ज्याच्या-त्याच्या उपशाखेतले वरचे दोन टक्के, शिवाय एकूण यादीत पहिल्या एक लाखात बसणारे, असं ते गणित आहे. रसायनशास्त्रातही ऑरगॅनिक वेगळं, ॲनालिटिकल वेगळं, पॉलिमर वेगळं. हे योग्यच. मटेरियल सायन्सकडे झुकलेल्या विषयांत आज बॅटरी, उद्या सोलर सेल, अशी झुंबड असते आणि सायटेशन धबाधबा पडतात. एखादा नैसर्गिक रेणू तीस पायऱ्यांत बनवणाऱ्या माणसाला तेवढी कुठून मिळणार?

या यादीचा गुण सहा मापांवरून काढतात. एकूण सायटेशन, एच-इंडेक्स (तो काय ते खाली सांगतो), सहलेखकांत वाटून काढलेला एच-इंडेक्स, आणि मग एकट्यानं लिहिलेल्या, पहिलं नाव असलेल्या, शेवटचं नाव असलेल्या पेपरांची सायटेशन. ज्यांना आपल्याकडची पद्धत माहीत आहे त्यांना यातली गंमत कळेल. पहिलं नाव राबणाऱ्याचं, शेवटचं गाइडचं. मधली आठ नावं कुणाची, ते ज्याचं त्याला ठाऊक. आणि माझा सगळ्यात आवडता रकाना म्हणजे स्वतःच्या पेपरांना स्वतःच दिलेली सायटेशन. ती काढून केलेली क्रमवारी शेजारीच असते. दोन्ही रकाने एकाशेजारी एक लावा आणि कोण किती खाली घसरतं ते बघा. चहा गार होतो, पण उठवत नाही. अलीकडच्या फाइलींत मागे घेतलेल्या पेपरांचाही रकाना आलाय. ही यादी वापरायची तर फाइल उतरवूनच वापरा. बातमीवरून वापरू नका. पाचपैकी चार स्टार.

आता एच-इंडेक्स. धाकटीनं मला तो तीनदा समजावला आणि तिन्ही वेळा मी मान डोलावली. कळला कधी, तर दुकानाची बिलं समोर घेतली तेव्हा. हॉर्हे हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञानं २००५ मध्ये ही कल्पना काढली. एखाद्याचे ४० पेपर असे असतील की प्रत्येकाला किमान ४० सायटेशन आहेत, तर त्याचा एच-इंडेक्स ४०. आमची बिलं २००१ पासून कॉम्प्युटरवर आहेत. मी गिऱ्हाइकं लावली बिलांच्या संख्येप्रमाणे, मोठ्याकडून छोट्याकडे. ३१ गिऱ्हाइकं अशी निघाली की ज्यांनी किमान ३१ वेळा माल नेलाय. म्हणजे दुकानाचा एच-इंडेक्स ३१. छाती फुगली थोडी.

मग नीट बघितलं. ज्या गिऱ्हाइकाची सहाशेवर बिलं आहेत, ज्याच्या जिवावर एक दिवाळी निभावली, तेही त्यात एकच धरलंय. जे एकदाच आले पण सगळी नवी लॅब उभी करून गेले, ते त्यात नाहीतच. आणि एक क्लास, जो बंद पडून बारा वर्षं झाली, तो अजून माझ्या ३१मध्ये मानानं बसलाय. हा आकडा कधी खाली येत नाही. उद्या मी शटर ओढून गावी गेलो तरी ३१ तो ३१. कारकिर्दीच्या याद्यांत हयात नसलेले शास्त्रज्ञही दिसतात ते यामुळेच. उलटं उदाहरण घ्या. प्रोटीन मोजायची लॉरी पद्धत बायोकेमिस्ट्रीच्या कुठल्याही लॅबला माहीत असते. त्या १९५१च्या एका पेपरची सायटेशन तीन लाखांच्या वर गेलीत, जगात सगळ्यात जास्त. एच-इंडेक्समध्ये त्याची किंमत एक.

'रिसर्च डॉट कॉम'वर याच एच-इंडेक्सचा भाऊ आहे, डी-इंडेक्स. त्यात फक्त त्या विषयातलेच पेपर मोजतात, म्हणजे रसायनशास्त्रज्ञानं सोबत वैद्यकातले पेपर टाकले असतील तर ते बाजूला. साइट देखणी आहे, नाव टाकलं की जागतिक नंबर, देशातला नंबर, झटपट. नातेवाइकांना दाखवायला उत्तम. रकाने मात्र कमी. तीन स्टार.

क्लॅरिव्हेटची 'हायली साइटेड रिसर्चर्स' यादी दर नोव्हेंबरला येते. विषय आणि वर्ष धरून वरच्या एक टक्क्यातले पेपर ज्यांच्याकडे बरेच आहेत, ते लोक यात. ही कंपनी मूळ युजीन गारफील्ड यांच्या संस्थेतून आली. गारफील्ड यांची पहिली पदवी रसायनशास्त्राचीच. १९६४ मध्ये त्यांनी सायन्स सायटेशन इंडेक्स काढला तो एका पेपरवरून त्याच्या नात्यातले पुढचे पेपर शोधता यावेत म्हणून. वाचनालयातलं अवजार होतं ते. त्याची फूटपट्टी झाली आणि फूटपट्टी झाली की लोक टाचा उंच करणारच. स्पेनमधल्या कोर्दोबा विद्यापीठातल्या एका रसायनशास्त्रज्ञाला २०२३ मध्ये १३ वर्षांसाठी बिनपगारी निलंबित केलं. कोर्दोबात पूर्णवेळ नोकरी आणि पेपरांवर सौदी अरेबियातल्या नि रशियातल्या विद्यापीठांची नावं. माणूस हायली साइटेड यादीतला. यादीत संस्थेचा आकडा अशा नावांवरून ठरतो, त्यामुळे नावाला भाव येतो. आमच्याकडे दुसऱ्याच्या लायसन्सवर माल काढतात तसंच हे. त्याच वर्षी क्लॅरिव्हेटनं हजारावर नावं यादीत येण्याआधीच गाळली. गाळतात, हे चांगलं. कुणाला आणि का, ते नावानिशी सांगत नाहीत, हे दुकानदार म्हणून मला पटत नाही. माल परत केला तर चलनावर कारण लिहावं लागतं.

संस्थांसाठी मला बरा वाटला तो 'नेचर इंडेक्स'. २०१४ पासून आहे. निवडक जर्नलांतलेच पेपर घेतात आणि प्रत्येक पेपरचा एक गुण लेखकांत समान वाटतात. दहा लेखक, त्यातले चार आपल्या पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे, म्हणजे एनसीएलचे, तर एनसीएलला ०.४. भिशीसारखा सरळ हिशेब. पण संस्था म्हणजे काय, इथे गाडी अडते. रसायनशास्त्रात सगळ्यात वर चायनीज अकादमी ऑफ सायन्सेस दिसते. तिच्याखाली शंभराहून जास्त संस्था आहेत. आपली सीएसआयआर, म्हणजे केंद्र सरकारची वैज्ञानिक संशोधन परिषद, तीही तशीच, ३७ प्रयोगशाळांची, आणि एनसीएल त्यातली एक. मंडईतल्या सगळ्या गाळ्यांची विक्री एकत्र करून ती पेठेतल्या एका दुकानासमोर ठेवायची आणि म्हणायचं, मंडई मोठी. आहेच की मोठी. पोरीला ज्या बाकावर पाच वर्षं उभं राहायचंय त्या बाकाबद्दल यातून काय कळलं?

(एनसीएलचा विषय निघाला म्हणून. १९५० मध्ये नेहरूंच्या हस्ते उद्घाटन झालं आणि पुढे काही वर्षांनी तिथे संचालक होते जॉर्ज फिंच, तेच, १९२२च्या एव्हरेस्ट मोहिमेत ऑक्सिजनची नळकांडी पाठीला लावून चढलेले. त्यांच्यानंतर आले रंगद्रव्यांचे जाणकार के. व्यंकटरामन, पहिले भारतीय संचालक. वडिलांना या गोष्टी सांगायला फार आवडायचं. त्यांच्यासाठी एनसीएलचा नंबर पहिलाच होता, यादी कुठलीही असो.)

क्यूएस या विद्यापीठांच्या जागतिक क्रमवारीबद्दल थोडक्यात. वरच्या जागा एमआयटी, हार्वर्ड, केंब्रिज अशा नेहमीच्याच. मार्कांतला मोठा वाटा प्राध्यापकांना नि नोकरी देणाऱ्यांना विचारून काढलेल्या मताचा, म्हणजे ज्याचं नाव आधीच झालंय त्याचं आणखी होणार. आपलं एनआयआरएफ, म्हणजे केंद्र सरकारची शिक्षणसंस्थांची क्रमवारी, २०१६ पासून निघतं, पण त्यात रसायनशास्त्राची अशी वेगळी यादीच नाही. फार्मसीची आहे. पुढे चला.

आणखी एका साइटवर, नाव लिहीत नाही, पूर्ण यादी बघायला फोन नंबर मागितला आणि मी दिला. वय ५५, दुकानात बसलेला माणूस. दुसऱ्या दिवसापासून रोज फोन. "सर, यूकेला मास्टर्स करायचं का?" एकीनं तर विचारलं, "सर, आपला बारावीचा पर्सेंटेज?" खरा सांगितला. तरीही फोन बंद नाहीत. शून्य स्टार. आमच्या एका गिऱ्हाईक सरांना तर 'सर्वोत्कृष्ट संशोधक' म्हणून निवड झाल्याचा मेल आला होता, ट्रॉफी आणि प्रमाणपत्र अमुक डॉलर भरल्यावर घरपोच. त्यांनी मला विचारलं, ट्रॉफी तू करून देतोस का स्वस्तात?

याद्यांवर माझा विश्वास सगळ्यात जास्त हलला तो एका जुन्या यादीनं. २०११ हे आंतरराष्ट्रीय रसायनशास्त्र वर्ष. तेव्हा थॉमसन रॉयटर्सनं आधीच्या दशकातल्या सायटेशनवरून जगातले शंभर रसायनशास्त्रज्ञ काढले. पहिले हार्वर्डचे चार्ल्स लीबर, दुसरे ओमर याघी. लीबर यांना चीनमधले संबंध आणि उत्पन्न दडवल्याबद्दल डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेतल्या कोर्टानं दोषी ठरवलं. याघी यांना २०२५चं नोबेल मिळालं. पहिला कोर्टात, दुसरा स्टॉकहोमला. म्हणजे यादी चुकली का? नाही, तिनं सायटेशन मोजली होती आणि ती बरोबरच मोजली होती. ती मोजण्यात या दोन्ही गोष्टी दिसत नाहीत, इतकंच.

त्या नोबेलमध्ये तिघं होते: जपानचे सुसुमु कितागावा, याघी आणि मेलबर्नचे रिचर्ड रॉब्सन. रॉब्सन यांची गोष्ट वाचली आणि मी दुकानातला मॉडेल सेटचा डबा खाली काढला. १९७४ मध्ये विद्यार्थ्यांना शिकवायला त्यांना लाकडी गोळ्या-काड्यांची मॉडेल बनवायची होती. गोळ्यांना भोकं पाडायला वर्कशॉपला द्यायचे, तर कुठल्या अणूला कुठे भोक हे आधी ठरवून द्यावं लागायचं. गोळ्या परत आल्या आणि जोडायला बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की भोकं नीट असली की रेणूचा आकार आपोआप बरोबर येतो. सगळी माहिती भोकांत आहे. मग खरे अणू, खरे रेणू घेऊन असंच काही बांधता येईल का? हे करून बघायला त्यांना दहा वर्षांहून जास्त लागली, पेपर आला १९८९ मध्ये. त्या स्फटिकांत आत पोकळ्याच पोकळ्या. आज त्याला मेटल-ऑरगॅनिक फ्रेमवर्क म्हणतात, त्यात वायू साठवतात, हवेतलं पाणी पकडतात. या मधल्या दहा-पंधरा वर्षांत या कल्पनेची सायटेशन शून्य होती, कारण ती कागदावर नव्हतीच. मी हे मॉडेल सेट किती वर्षं विकतोय. आमचे प्लास्टिकचे, भोकं पाडूनच येतात. मला नुसतं एवढंच माहीत होतं की काळा गोळा कार्बनचा आणि लाल सगळ्यात आधी हरवतो.

आता माझी स्वतःची यादी. ही कुठल्याच साइटवर नाही, ही आमच्या चलनवहीत आहे. धाकटीच्या तिन्ही गाइडकडे आमचा माल कमी-जास्त जातो. पहिल्या सरांची ऑर्डर मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात येते, एकदम, आणि ३१ तारखेच्या आत बिल हवं असतं. वर्षभर मग शांत. दुसऱ्यांची स्टोअर्समार्फत, ठरावीक. मॅडमची दर महिन्याला येते, छोटीशी: बी-२४चे तीन राउंड बॉटम, दोन स्टॉपकॉक, एक कंडेन्सर. न्यायला विद्यार्थी स्वतः स्कूटरवर येतात, एकमेकांच्या नावानं खडे फोडतात, "यानंच फोडला". काच फुटतेय म्हणजे बाकावर काम चाललंय. ब्रेकेज नसलेली ऑरगॅनिक लॅब मला फुलं नसलेल्या देवळासारखी वाटते.

हे सगळं मी धाकटीला जरा तोऱ्यातच सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पहिल्या सरांचा बाकीचा माल टेंडरनं, पोर्टलवरून येत असेल तर तो तुझ्या वहीत दिसेल?"

नाही दिसणार. सरकारी संस्थांची मोठी खरेदी आता बरीच तिकडूनच होते. मला येतो तो मार्चचा उरलासुरला. म्हणजे माझ्या वहीलाही प्लस-मायनस आहे आणि ते मी कुठे छापलेलं नव्हतं.

ती मग तिन्ही लॅबमध्ये जाऊन आली. तिथल्या मुलांना विचारून आली: थीसिसला किती वर्षं लागली, पहिलं नाव कुणाचं लागतं, रेणूची रचना तपासायच्या एनएमआर मशीनला नंबर किती दिवसांनी लागतो. मॅडमकडची मुलं सगळ्यात खूश होती, हे तिनंच सांगितलं. आणि पहिली पसंती दिली यादीतल्या पहिल्या सरांना.

मी काही बोललो नाही, पण चेहरा बोलला असणार.

"बाबा, तू म्हणतोस ते कळतंय मला," ती म्हणाली. "पण उद्या पीएच.डी.नंतर पोस्टडॉकला माझा अर्ज जर्मनीत कुणीतरी वाचणार. त्याला तुझी ब्रेकेजची वही दिसणार आहे का? त्याला सरांचं नाव दिसणार."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही. दुसरी पसंती मॅडमना दिलीय. इंटरव्ह्यू पुढच्या गुरुवारी आहे.

काल दुपारी परत फोन आला. नवीन मुलगा होता, आवाज गोड. "सर, आमचं पार्टनर विद्यापीठ केमिस्ट्रीत जगात टॉप टेनमध्ये आहे."

"कुठल्या यादीत?"

"सर, ग्लोबल रँकिंगमध्ये."

"कारकिर्दीच्या की एका वर्षाच्या? सेल्फ सायटेशन धरून की काढून?"

पलीकडे थोडा वेळ शांतता, मग मागून कुणालातरी हाक मारल्याचा आवाज, आणि फोन कट. आज सकाळी दहा वाजता परत आला. दुसरी मुलगी होती. तिला बारावीचा पर्सेंटेज हवा होता.